सातवी प्रत

१

सकाळचं कॉलेज सुटलं की मी बडनेऱ्याला घरी येते, जेवते आणि दुपारी दोनच्या सुमाराला माझी वेबसाइट झाडून घेते. झाडणं हा शब्द आमच्या ह्यांचा, नितेशचा. "लोकाच्या बायका दुपारच्या लवंडतात, माही बायको कागदं झाडत बसते," असं सांगून ते रेल्वेतल्या दोस्तांना हसवतात. हसोत बापडे. कॉलेजच्या ऑफिसात मी बावीस वर्षं अर्ज घेतलेत. एका चुकलेल्या ओळीपायी तिवसा-वरूडकडून आलेली माणसं परत गेलेली पाहिलीत. म्हणून ही वेबसाइट काढली. तिच्यावर एकशे बारा नमुने आहेत. रजेचा अर्ज, नावातल्या बदलाचं प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, लग्नाची पत्रिका, बारशाची, तेरवीची. ज्याला जे लागेल ते त्यानं डाउनलोड करावं, कोणाचे पाय धरू नयेत.

सगळ्यात जास्त जाते ती तेरवीची पत्रिका. घरात माणूस गेलेलं असतं, कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं, तेव्हा तयार कागद बरा पडतो. तिच्यात मी एक सोय केली आहे. सगळ्या जागा भरल्याशिवाय पत्रिका तयारच होत नाही. मृताचं नाव, निधनाची तारीख, तेरवीची तारीख, दुःखी परिवार. एक जरी जागा रिकामी राहिली तरी लाल अक्षरात अडवते. अर्धवट भरलेला कागद मला बघवत नाही, तो स्वभावच आहे माझा.

हे आधी सांगते, कारण चूक माझी आहे आणि ती कुठे झाली ते नीट कळलं पाहिजे.

२

बावीस एप्रिलला मी अकोल्याला बाबांकडे होते. माझे बाबा किसनराव एकाहत्तर वर्षांचे, जठारपेठेत एकटे राहतात. आई, पार्बताबाई, जाऊन अकरा वर्षं झाली. भाऊ चंदन पुण्याला. जन्मभर बाबांनी फुलांचं दुकान केलं आणि आईनं मधल्या खोलीत बसून हार गुंफले. दुकान आता नाही, पण गच्चीवर मोगऱ्याच्या बारा कुंड्या आहेत. त्या दिवशी सकाळी ते मोगरा तोडत होते, मी आणि तिवस्याहून आलेली सुभद्राआत्या कुरडया वाळत घालत होतो. एक कावळा आला आणि सरळ बाबांच्या डोक्यावर बसला. चोच नाही मारली, काही नाही. बसला, इकडे-तिकडे पाहिलं आणि गेला.

बाबा हसले. आत्याच्या हातातली परात खाली पडली.

"भाऊले कावळा शिवला! माय माय माय! मंजू, खबर धाड पयले!"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. कावळा शिवला की तो माणूस जाणार, असं आमच्याकडे मानतात. ते टाळायला सोयऱ्यांना तो गेल्याची खोटी खबर धाडायची. ते रडले की मरण तेवढ्यावर भागतं. मग त्यांना खरं सांगायचं.

"आत्या, दोन हजार पंचवीस चालू आहे," मी म्हटलं.

"चालू राहू दे. खबर खोटी पाह्यजे, रडणं खरं पाह्यजे. अन् जो रडला त्याले आपल्या तोंडानं खरं सांगा लागते. एकाले बी सोडाचं नाई. सोडला तर ते रडणं खरं होते."

तोंडानं खोटं बोलणं मला जमत नाही, लगेच पकडली जाते. कागदावर जमेल असं वाटलं. मधल्या खोलीत माझा जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे, आईच्या लुगड्याखाली झाकून ठेवलेला. बसले. माझाच नमुना उघडला आणि बाबांचं नाव टाकलं. निधन: २२ एप्रिल. तेरवी: ४ मे. तारखेची काही गरज नव्हती, पण जागा भरल्याशिवाय नमुना सोडतो का? दुःखी परिवारात सोळा नावं कोण टाइप करत बसणार, म्हणून चंदनच्या लग्नपत्रिकेतली घरच्यांची यादी उचलून चिकटवली. वेबसाइटवर एक आडबाजूचं पान केलं आणि त्याची लिंक सहा घरी पाठवली. फाइल न पाठवता लिंक पाठवायची, ही माझी सवय. कोणी उघडलं, कोणी नाही, ते कळतं.

तासाभरात सहा डाउनलोड झाले आणि सहा फोन आले. रडणं ऐकवेना. एकेकाला सांगत गेले, खोटं आहे, कावळा शिवला म्हणून केलं. मोठ्या मामीनं रडता रडताच मला शिव्या घातल्या. बाबा बाजूला बसून मजा घेत होते. "माह्या तेरवीले बुंदी ठेवजो वं," म्हणाले, "मागच्या वेळी शालिकरामच्या तेरवीचा शिरा खाऊन पोट बिघडलं होतं."

आत्याची एसटी, माझी गाडी, या धांदलीत ते पान काढून टाकायचं राहिलं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी झाडायला बसले आणि आकडा पाहिला. सात.

आधी राग आला. कोणी पुढे ढकलली असणार. सहाही घरी भराभर फोन लावले. कोणी नाही. मामीनं पुन्हा शिव्या दिल्या. मग मागच्या बाजूचा तक्ता उघडला. कोणत्या वेळी, कोणत्या कनेक्शनवरून डाउनलोड झालं ते त्यात दिसतं. सहा ओळी कालच्या. सातवी आजची, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. कनेक्शन ओळखीचं होतं. काल ज्या कनेक्शनवरून मी पत्रिका चढवली तेच. जठारपेठेतलं, आमच्या घरचं.

बाबांना फोन केला. "बाबा, कॉम्प्युटरले हात लावला का तुमी?"

"मी? मले त्याचं बटन बी माईत नाई."

"कोणी आलं होतं घरी?"

"एवढ्या उन्हात कोण येते मरायले!"

त्यांच्या बोलण्यामागून आवाज येत होता. आधी बांगड्या किणकिणल्या, मग बाईचं हेल काढून रडणं. लांबून, भिंतीपलीकडून यावं तसं.

"टीव्ही बारीक करा जरा," मी म्हटलं.

"टीव्ही कुठचा? गल्लीतली डीपी जळाली ना. अकरा वाजल्यापासून लाईन नाई."

मी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून पंचवीस. अकरापासून वीज नाही, म्हणजे कॉम्प्युटर बंद, वायफाय बंद. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. मग दोन दहाला त्या घरातून पत्रिका उतरवली कोणी?

सर्व्हरचं घड्याळ चुकलं असेल. शेजारी कोणी रडत असेल. मी ताबडतोब ते पान पुसलं, दोनदा तपासलं आणि हात धुतले. हात कशाला धुतले ते मला सांगता येत नाही.

संध्याकाळी नितेशना सांगितलं. "कावळा बसायला अन् फांदी तुटायला," ते म्हणाले. "तू गणित घेऊन बीएस्सी झाली ना वं? मंग?"

४

पुढचे चार दिवस मी रोज फोन केला. बाबा बोलायचे बरे, पण आधीसारखे नाही. पूर्वी ठेवू द्यायचे नाहीत, आता मीच बोलत राहायची. एकदा पावणेदोनला फोन केला तर म्हणाले, "ठेव आता, दोन वाजत आले." दोन वाजता काय आहे, विचारलं तर फोन ठेवलाच.

सहाव्या दिवशी आत्याचा फोन आला.

"सगळ्याईले खरं सांगतलं ना वं?"

"सांगितलं, सहाही घरी."

"मंग भाऊचा आवाज असा कावून येऊन राहिला? खोल गेल्यावानी." मग म्हणाली, "अन् एक इचारू का? राग नोको मानू. त्या कागदात वयनीचं नाव कावून टाकलं तू?"

"कुठे?"

"दुःखी परिवारात. सगळ्याच्या वरती. नातीनं वाचून दाखोली मले."

माझ्याकडे प्रत होती. उघडली. आत्या खोटं बोलत नव्हती. मृत किसनराव. आणि खाली दुःखी परिवार, पहिलंच नाव, सौ. पार्बताबाई, पत्नी.

चंदनच्या लग्नाला आई होती. त्या लग्नपत्रिकेतली यादी मी जशीच्या तशी चिकटवली होती. लोकांच्या अर्जातली एक चूक सोडत नाही मी, आणि स्वतःच्या घरच्या कागदावर, जिवंत बाप मेलेला आणि मेलेली आई जिवंत! आत्याला म्हटलं, घाईत झालं, एवढं काय त्यात.

"मंजू," आत्या हळू आवाजात म्हणाली, "जिचं नाव दुःखी परिवारात, तिले खबर गेलीच म्हणाची. अन् ते रडल्याशिवाय राह्यते का? आता तिले खरं कोण सांगन?"

मी फोन कट केला. म्हाताऱ्या माणसाशी असं वागू नये, पण केला.

५

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि बाराच्या गाडीनं अकोल्याला गेले. दुपारी दीडला जठारपेठेत चिटपाखरू नव्हतं. दुकानांची शटरं अर्धी खाली. आमच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आत बाबा होते. सात दिवसांत माणूस अर्धा झाला होता. गालाची हाडं वर आलेली, ओठ काळे. त्यांनी आपली खाट पुढच्या खोलीतून ओढून मधल्या खोलीच्या बंद दाराला लावून घेतली होती आणि तिच्यावर भिंतीला टेकून बसले होते. डोळे मात्र चमकत होते.

"आली का? बस. कूलर नोको लाऊ, ऐकू येत नाई."

"काय ऐकू येत नाही? बाबा, जेवले का तुमी?"

"भूक नाई लागत."

स्वयंपाकघरात पाहिलं. शेजारच्या करिश्मानं दिलेले डबे तसेच होते, वरण आंबलेलं. मी चिडून बोलायला बाहेर आले, तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

आधी कोणीतरी नाक ओढलं. बंद दाराच्या आत, अगदी जवळ, गुडघ्याएवढ्या उंचीवर, जमिनीवर बसलेल्या माणसाचं असावं तसं. मग बांगड्या. मग तो हेल निघाला.

"चंदनच्या बाबा वोऽऽ... मले सोडून कुठी गेले वोऽऽ..."

माझ्या आईनं नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नाही. चंदनचे बाबा, एवढंच. आणि शेवटचा 'वो' ओढताना तिचा आवाज मध्येच फाटायचा. मामा वारले तेव्हा ऐकलं होतं मी. तसाच फाटला.

मी कारण शोधत होते, खरंच शोधत होते. मोबाइल, रेडिओ, शेजारची भिंत, उन्हाचा त्रास. उन्हाचा त्रास दोघांना एकदम, एकाच आवाजाचा होतो का?

"ऐकू आलं ना तुले बी?" बाबा कुजबुजले. "मले वाटलं, माहंच डोस्कं फिरलं."

ते रडत होते आणि हसत होते. माझ्या बापाला मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

६

रडणं वीस मिनिटं चाललं. थांबल्यावर मी खाट बाजूला ओढली आणि दार उघडलं. बाबा अडवत होते, पण त्यांच्या हातात जोर नव्हता.

खोली रिकामी. लुगड्याखाली कॉम्प्युटर तसाच. खिडकी बंद, वास मात्र मोगऱ्याचा. प्रिंटरच्या तोंडाशी एक कागद होता. ती पत्रिका. घड्या घातलेली, पुन्हा पुन्हा उघडून वाचलेली दिसत होती. बाबांच्या नावावरची शाई ओलीनं पसरली होती. बोट लावलं, अजून ओली होती.

दुःखाची पत्रिका वाचून झाली की फाडतात, घरात ठेवत नाहीत. मी तिचे तुकडे केले. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर हात उगारला.

"कावून फाडलं? तुह्यं काय घेऊन राहिली होती ते?"

"बाबा, तुमची तब्येत पाहा! तुमी मरून राहिले इथं बसून!"

"मरू दे."

मग ते बोलले. आई दवाखान्यात तीन दिवस बेशुद्ध होती, आणि गेली ती नवरात्रात. झेंडूचा हंगाम होता. बाबा पहाटे मंडीत गेले होते. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"एक शब्द नाई बोलली जाताना. अन् मी रडलो बी नाई, मंजू. लोकं आले, गेले, दुकान उघडलं. अकरा वर्सं झाली. आता ते माह्यासाठी रडून राहिली अन् मी नुसता ऐकू बी नोको?"

"तिला खरं सांगावं लागेल. आत्या म्हणते तसं."

त्यांनी माझं मनगट पकडलं. हात भट्टीसारखा तापला होता. "सांगतलं की ते जाईन. तू तिले सांगशीन तर माह्यं मेलेलं तोंड पायशीन. शपथ हाय तुले."

शपथा, कावळे, पत्रिका. मी बीएस्सी झालेली बाई. पण बापानं घातलेली ही शपथ मोडायला जीभ उचलत नाही, ते त्या दिवशी कळलं.

७

मी अकोल्यालाच राहिले. डॉक्टर घरी आले, सलाईन लावली, म्हणाले, ऊन बाधलंय, बीपी फार खाली आहे, उद्यापर्यंत सुधारलं नाही तर भरती करा. सुधारलं नाही. दवाखान्याचं नाव काढलं की बाबा खाटेची कड धरून बसायचे. माणूस वाळून काटकी झालेला, पण ती बोटं सोडवता यायची नाहीत.

रोज दोन दहाला आई रडायची. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहायची, तरी ऐकू यायचं. आणि दर दिवशी बाबा थोडे कमी व्हायचे. तीस तारखेला त्यांनी पाणी सोडून बाकी सगळं बंद केलं. दोन मेला ते माझ्याशी बोलेनासे झाले, दाराशी बोलायचे. पुटपुटायचे, थांबायचे, पुन्हा पुटपुटायचे.

तीन तारखेला नितेश आले. एक नजर टाकली आणि त्यांची सगळी थट्टा विरली. "मंजुषा, उद्या दुपारी ॲम्ब्युलन्स आणतो. उचलून नेऊ. रुसले तर रुसले."

बाबांनी ते ऐकलं. डोळे न उघडता म्हणाले, "येतो ना मी. उद्याची तेरवी होऊ द्या, मंग न्या कुठी न्याचं ते."

चार मे. ती तारीख मीच भरली होती, जागा रिकामी राहू नये म्हणून.

८

चार तारखेला एक वाजता नितेश ॲम्ब्युलन्स पाहायला गेले. दोनच्या सुमाराला मी बाबांसाठी साखर-मिठाचं पाणी करायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तर खाट रिकामी होती. चार दिवस ज्या माणसाला कूस बदलवत नव्हती, तो उठून मधल्या खोलीत गेला होता. आतून कडी लागलेली.

"बाबा! दार उघडा!"

दार ढकललं, लाथा मारल्या. सागाचं दार, हललं नाही. फोन लावला, नितेश म्हणाले, वीस मिनिटं लागतील. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं.

बिजागरीच्या बाजूला दाराला एक फट आहे. लहानपणी आई हार करत असली की मी आणि चंदन तिच्यातून पाहायचो. मी तिला डोळा लावला.

बाबा जमिनीवर चटईवर उताणे होते. पाय सरळ, दोन्ही अंगठे जुळवलेले. डोळे मिटलेले. छाती हलते की नाही ते दिसत नव्हतं. त्यांचं डोकं जमिनीला टेकलेलं नव्हतं, वर उचललेलं होतं, कोणाच्या तरी मांडीवर असावं तसं, पण तिथपर्यंत फट पोचत नव्हती. मला फक्त एक हात दिसला. कपाळावरून फिरणारा, सावळा, बोटांना सुई टोचून टोचून पडलेले बारीक काळे डाग. मनगटात हिरव्या बांगड्या, भरगच्च.

आई सवाष्ण गेली. त्या बांगड्या तिच्या हातात मीच भरल्या होत्या, तिला नेण्याआधी.

ती रडत नव्हती आज. खोलीत आवाजच नव्हता. मग तो हात कपाळावरून निघाला, दुसरा हात त्याच्या शेजारी आला आणि दोन्ही मनगटं एकदम वर गेली, फरशीच्या वर, उंच. मी बायकांच्या घोळक्यात हे इतक्यांदा पाहिलं आहे की एका क्षणात कळलं. नवरा गेल्यावर बाई बांगड्या फोडते. त्या फुटल्या की झालं.

"आई!" मी किंचाळले. "फोडू नको! खोटं आहे ते! बाबा जित्ते हायत, आई! मीच लिवलं ते, मीच, माही चूक झाली! कावळा शिवला होता म्हणून! तू नको रडू, आई, कोणी गेलं नाई!"

शपथ मोडली. मोडली तर मोडली.

हात हवेत थांबले.

९

किती वेळ तसे राहिले ते मला माहीत नाही. मग सावकाश खाली आले, फटीच्या बाहेर गेले. एक बांगडी दुसरीवर वाजली, तेवढंच.

मग कोणीतरी काही विचारलं. शब्द कळले नाहीत, सूर विचारण्याचा होता. आणि मग बाबांचा आवाज, घोगरा, थांबत थांबत, लहान मुलाची समजूत घालावी तसा. ते खूप वेळ बोलत होते. मध्ये एकदा आईचा आवाज आला, हेल नव्हता, रडणं नव्हतं, नुसता एक लहानसा 'आं?'. त्यानंतर तो आला नाही.

कडी निघाली. बाबा चौकट धरून उभे होते, घामानं थबथबलेले. मागे खोली रिकामी. त्यांनी पाणी मागितलं. तांब्याभर प्यायले, आणखी मागितलं. नितेश ॲम्ब्युलन्स घेऊन आले तेव्हा ते चालत जाऊन तिच्यात बसले.

दवाखान्यात दोन दिवसांत बीपी वर आलं, ओठांचा रंग परतला. डॉक्टर म्हणाले, या वयात कमाल आहे. आत्यानं फोनवर देवाला हात जोडले. मी आनंदानं रडून घेतलं. माझा बाप वाचला होता, आणि मीच वाचवला होता.

बाबा मात्र माझ्याशी बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना मोसंबी सोलून देत होते. फोडी हातात घेतल्या, खाल्ल्या नाहीत.

"रागावले का बाबा? शपथ मोडली म्हणून?"

मान हलवली, नाही म्हणून.

"तू ओरडली तवा थांबली ते. माह्या तोंडाकडं पायलं. हात लावून पायला, गरम हाय का. लय खूश झाली, मंजू. अशी हासली." त्यांनी फोडी या हातातून त्या हातात घेतल्या. "मंग त्या कागदाकडं पायलं तिनं. अन् मले इचारलं, 'तुमी हाय, पोट्टे हायत, सगळे हायत. मंग घर असं सुनं कावून लागते वो? गेलं कोण?'"

मी मोसंबी खाली ठेवली. "मग? तुमी काय सांगितलं?"

"काय सांगीन? खरं तेच सांगा लागलं."

त्यांनी फोडी परत माझ्या हातात दिल्या.

"तिले माईत नोतं, पोरी. बेसुद होती ना. अकरा वर्सं झाली, तिले कोणी सांगतलंच नोतं."